बाबांनी न फेडलेला नवस

आमचे बाबा देवाचा नवस बुडवून गेले.

हे मी नाही म्हणत, आमची आत्या म्हणते. आज बाबांच्या वर्षश्राद्धाला, पानं वाढलेली असताना, सगळ्यांसमोर म्हणाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

सीमेवर तणाव वाढला तेव्हा माझा धाकटा भाऊ संदेश तिकडेच होता. फौजेत आहे तो. "फोन बंद राहील" एवढा मेसेज आला आणि मग काहीच नाही.

इकडे आमच्या नाहूरच्या बिल्डिंगमध्ये ब्लॅकआउटची तयारी, टीव्हीवर आरडाओरडा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जो तो सेनापती.

बाबांनी टीव्ही बंद केला, अंघोळ केली आणि देव्हाऱ्यासमोर उभं राहून गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, माझो झील सुखरूप घराक येवदे. तुझ्या दाराक नारळांचा तोरण बांधतंय."

मी आणि आईने मागून म्हटलं, "व्हय म्हाराजा."

एक नारळ लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवला. नवसाची खूण म्हणून.

मग शस्त्रसंधी जाहीर झाली. खाली पोरांनी फटाके लावले, सेक्रेटरी पेढे घेऊन घरोघरी फिरले. आई रडत होती, मी रडत होते.

बाबांनी पेढा उचलला, वास घेतला आणि परत ठेवला.

"लढाई संपली काय थांबली? ता आधी सांग माका."

"संपली ना बाबा! टीव्हीवर सांगतायत."

"दोघांनी सांगितल्यानी काय एकट्यानच?"

फटाके संपायच्या आत टीव्हीवर पुन्हा ड्रोनच्या बातम्या सुरू. बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. असा राग आला ना मला!

स्वभावच तसा. लिफ्टमध्ये आपल्या मजल्याचा आकडा दिसला तरी बाहेर डोकावून खात्री करायचे. गॅस सिलेंडर वजन केल्याशिवाय घरात घ्यायचे नाहीत. आई म्हणायची, "लग्नात माझंसुद्धा वजन करून घेणार होते हे."

पण त्याला कारण होतं. बाबा गिरणीत होते. संपात रोज कोणीतरी येऊन सांगायचं, बोलणी चालू आहेत, आता भोंगा वाजणार. बाबा डबा घेऊन गेटवर जाऊन उभे राहायचे. भोंगा काही वाजला नाही. तिथे आता टॉवर आहे.

पुढे रिटायर होईपर्यंत मुलुंडला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. टीव्हीवर कोणी "बोलणी चालू आहेत" म्हणालं की बाबा चॅनल बदलायचे.

शेवटी संदेशचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"बाबा, झाला सगळा. टेन्शन घेव नकात."

"खंय आसस तू?"

"ता नाय सांगूक येणा."

"मगे संपला कसा म्हणतस?"

तिकडे संदेश हसला. आणि लगेच आईच्या तब्येतीची चौकशी करायला लागला.

काही महिन्यांनी तो रजेवर आला. चांगला धडधाकट. आई म्हणाली, चला गावाला, तोरण बांधून येऊ.

बाबा जागचे हलले नाहीत.

"ह्यो रजेर इलो. घराक खंय इलोहा?"

मी वैतागले. "बाबा, आता देवावर पण डाउट?"

"देवार नाय गो. पण नवस फेडलो काय देव मोकळो. मगे तो आमच्याकडे कित्याक बघीत? ऱ्हवांदे तेका अडकान."

आणि मग बाबाच गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. संदेशला पोचायला उशीर झाला. बापाला खांदा द्यायला मिळाला नाही त्याला. सीमेवर तेव्हा सगळं शांत होतं म्हणे.

तर आज आत्या म्हणाली, "वर्ष झाला. आता तरी फेडा. बापाच्या जीवाक घोर कित्याक?"

आई माझ्याकडे बघायला लागली. तिला दोन्हीकडून भीती. नाही फेडला तर बाबांचा जीव अडकलेला. आणि फेडला तर देव मोकळा, मग संदेशकडे कोण बघणार?

खरं सांगू? मलाही फेडून टाकायचा होता. देव्हाऱ्यात दिवा लावताना तो नारळ दिसला की मी नजर दुसरीकडे वळवायचे.

बातम्या रोज वाचते. सैन्य मागे घेतलं, चर्चा सकारात्मक, परिस्थिती निवळली. वाचते आणि संदेशच्या बॅगेकडे बघते. श्राद्धासाठी रजेवर येऊन इतके दिवस झाले, कपडे अजून बॅगेतच. कपाटात लावलेच नाहीत. विचारलं तर म्हणतो, "सगळं नॉर्मल आहे गं ताई."

नॉर्मल आहे तर लाव ना कपडे!

शेवटी मीच उठले. नारळ काढला आणि संदेशच्या हातात दिला.

"तुझ्यासाठी बोललेला नवस आहे. तूच ठरव."

हा देवबिव न मानणारा माणूस. लहानपणी बाबांच्या गाऱ्हाण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा, आणि मार खायचा.

त्याने नारळ कानाशी नेऊन हलवला. पाणी कधीच आटलंय, आत गोटा खडखडतो. मला वाटलं, आता हा हसणार.

तो उठला. नारळ होता तिथे ठेवला. फडक्याची गाठ सैल झाली होती, ती पुन्हा घट्ट बांधली.

"राहू दे गं. परवा निघायचंय मला."

आईने त्याच्या पानात अजून एक वडा वाढला.

बाबा, शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली लिहिणार होते. पण तुम्ही विचारलं असतं, "ह्या तुका कोणी लिवक सांगितला?"

म्हणून एवढंच लिहिते. नारळ जागेवर आहे. संदेश घरी आला, कायमचा आला, की तोरण मी स्वतः जाऊन बांधीन.

तोपर्यंत तुम्हीही तिथे देवाला सोडू नका.

नमस्कार करते, बाबा.