पारूबाईच्या सोळा काचा

पारूबाईला मी किती ओळखत होतो, याचं खरं उत्तर 'फारसं नाही' असंच आहे. तिचं माहेर कुठलं, नवरा कधी वारला, तिला वाचता येत होतं की नाही, यातलं काही मला सांगता येणार नाही. शाळेच्या अंकासाठी गावातल्या कुणावर तरी लिहा असा निरोप आला, तेव्हा मी पंधरा दिवस टाळलं. आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले, स्वतः एक लिहिला नाही. पण नाव आठवायला बसलो की तीच आठवायची.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. लातूर जिल्हा होऊन पाच वर्षंही झाली नव्हती. आमच्याकडचे म्हातारे अजून उस्मानाबादलाच जिल्हा म्हणायचे. पाऊस लागोपाठ दोन वर्षं गेलेला. वीज गावात होती, पण तिचा काही भरवसा नव्हता. अशात नव्या जिल्ह्याच्या कुठल्याशा योजनेतून ओढ्याकाठच्या विहिरीवर उन्हावर चालणारा पंप बसला. लोखंडी चौकटीवर आठ-आठच्या दोन ओळींत सोळा काळ्या पट्ट्या, वर काच, तोंड दक्षिणेला. ऊन आलं की पंप सुरू, गेलं की बंद. पाणी एका नळाने टाकीत पडायचं आणि टाकीला चार तोट्या होत्या.

या तोट्यांचं महत्त्व मला तेव्हा कळलं नव्हतं. गावातल्या जुन्या विहिरीवर बौद्धवस्तीतल्या बायांना कुणी वरून ओतून देईपर्यंत घागर घेऊन उभं राहावं लागे. टाकीची तोटी मात्र ज्याने त्याने सोडायची. पारूबाई त्याच वस्तीतली. पंप गेला असता, तर ती पुन्हा त्या काठावर उभी राहिली असती.

बसवणारा माणूस जाताना एवढंच सांगून गेला, की काचा रोज पुसा. कुणी पुसायच्या यावर ग्रामपंचायतीत दोन तास वाद झाला. शेवटी दारात बसलेली पारूबाई वैतागून उठली. "मी पुसते. तुमी बसा बोलत."

मग रोज रोजगार हमीवर खडी फोडायला जाण्याआधी ती कळशीभर पाणी आणि जुनं धोतर घेऊन काचा पुसायची. त्यावरही लोक बोललेच.

"प्यायला पानी न्हाई, आन् ही काचा धुऊन राहिली," दगडोबा म्हणायचा. त्याचं घर ओढ्याच्या वाटेवर होतं आणि त्याला दुसरा उद्योग नव्हता.

"दगडोबामामा, ही एक कळशी देते म्हून ते पन्नास देतंय. तुमी नुसतं बोलून किती देता?"

तिचा खरा वैताग वेगळाच होता. काचा दिवसभर तापायच्या, म्हणून गौरम्मा त्यांवर पापड वाळत घालू लागली. एकीने घातले म्हणून दुसरीने मिरच्या पसरल्या, तिसरीने गोधडी टाकली. पारूबाई उचलून फेकायची, बाया भांडायच्या.

"चारच पापड हायत गं, एका कोपऱ्यात," गौरम्मा म्हणायची.

"कोपऱ्यात असू दे. एका काचंवर सावली पडली की सगळ्याच रुसत्यात. नळाकडं बघ की, धार कशी करंगळीएवढी झाली!"

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिने बघून ओळखलं होतं. मला पटलं नव्हतं. पंधरा काचा उन्हात असताना एकीने काय होणार, असं मी शाळेत बसून म्हणालो होतो. शिवाय पाणी कमी येतं अशी दरखास्त गावाने जिल्ह्याला पाठवली, ती माझ्याच अक्षरात होती.

उत्तर आलं ते असं, की साहेब येऊन पाहतील, आणि तासाभरात टाकी खुणेपर्यंत भरली नाही तर पंप इथून काढून दुसऱ्या गावाला देतील.

सरपंच माणिकप्पाने मंडप घालायचं ठरवलं. जागा दाखवायचं काम माझ्याकडे आलं. साहेबांना पट्ट्या समोरून दिसाव्यात म्हणून मी कुंपणाला लागून दक्षिणेची जागा दाखवली. खांब रोवले तेव्हा सूर्य मावळलेला होता.

सकाळी दहाला साहेब आले. हार झाला, नारळ फुटला, माणिकप्पाचं भाषण लांबलं. नळाला धार नव्हती, नुसती ठिबक होती. साहेबांनी घड्याळ पाहून वहीत काहीतरी लिहिलं. तेवढ्यात हजेरी बुडवून पारूबाई आली. मंडपाची सावली खालच्या ओळीतल्या आठही काचांवर पडलेली तिने पाहिली आणि डोक्याला हात लावला.

"ह्या गावाला किती येळा सांगू? कापड काढा!"

"पारू, गप बस. साहेबाला ऊन लागंल," माणिकप्पा ओरडला.

"लागू द्या की! त्यांच्या घरी हाय पानी."

कुणी हललं नाही. मग तिनेच विळ्याने दोऱ्या कापल्या. कापड साहेबांच्या आणि माणिकप्पाच्या डोक्यावर पडलं. ते बाहेर निघेपर्यंत धार मनगटाएवढी झाली होती. साहेबांनी टोपी झटकली आणि नव्याने वेळ लावली. टाकी खुणेपर्यंत भरली. पंप गावातच राहिला.

साहेब गेल्यावर माणिकप्पाने तिला चारचौघांत वाटेल तसं बोलून घेतलं. "मंडप कुठं घालावा ते तू शिकवनार आम्हाला?" जागा मी दाखवली होती. मी खुर्च्या मोजत होतो.

ते मी तिला सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी जायचं ठरवलं, मग पुढच्या बाजारी. तीन महिने गेले. उन्हाळ्यात तिची मुलगी बाळंत झाली आणि पारूबाई तिच्याकडे मुदखेडला निघाली. ती परत आली नाही. तिकडेच राहिली आणि तिकडेच गेली, असं नंतर कळलं. काचा पुसायचं काम ती गौरम्माला शिकवून गेली होती. पापडवालीच बरी, म्हणाली म्हणे.

ती निघणार त्या सकाळी मी ओढ्यावर गेलो. ती शेवटची ओळ पुसत होती. मी कुंपणाशी उभा राहून शब्द जुळवत होतो. "पारूबाई, तो मंडप," एवढं म्हणालो. तिने वर पाहिलं नाही.

"मास्तर, जरा सरका. सावली पडून राहिली."

"हाव," म्हणालो, आणि सरकलो.