कोपराखालची उशी

त्याला सगळे खिळे म्हणत. सोफे मढवताना ओठांत बारीक खिळ्यांची रांग धरायची आणि एकेक काढून ठोकायचा, ही धंद्याची सवय. पण दुकान बंद झाल्यावरही तो ओठांच्या कोपऱ्यातूनच बोलायचा, जणू तोंड उघडलं तर खिळे सांडतील. "हं." "बघू." "उद्या." बायकोला पहिल्यांदा भेटला तेव्हा "तुमची खुर्ची हलतेय" एवढंच बोलला. खुर्ची खरंच हलत होती, म्हणून तिने लग्न केलं.

अशा माणसाच्या नशिबी एजंट आला.

झालं असं, की खिळ्याचं बाळ फार लवकर जन्मलं. मूठभर जीव, काचेच्या पेटीत. दवाखान्याच्या त्या विभागातल्या मोठ्या सिस्टरने पहिल्याच दिवशी दोघांना उभं करून बजावलं, "बाळ आईच्या छातीवर, कातडीला कातडी लागून, जितका वेळ राहील तितकं लवकर अंग धरेल, काय? आणि बाबांनी आईला सांभाळायचं, काय?" सिस्टरच्या प्रत्येक वाक्याला असं 'काय' लटकलेलं असायचं, आणि त्याला उत्तर द्यायची कुणाची टाप नव्हती.

पण बायकोला बसवतच नव्हतं. बाळ छातीवर ठेवलं की जरा वेळाने तिचा चेहरा आक्रसायचा, हात थरथरायचे आणि ती म्हणायची, "सिस्टर, घ्या हो याला." मग भिंतीकडे तोंड करून बसायची. "मलाच जमत नाही." दूधही आटत चाललं होतं.

शेजारच्या खुर्चीत मात्र विमा एजंटची बायको बाळाला घेऊन तासन् तास बसलेली. आणि एजंट? तो स्टुलावर, तोंडात साखरेचं पोतं घेऊन. "वा, राणी! काय बसलीयेस! सिंहासन फिकं पडलं. पाणी? एक घोट माझ्यासाठी, एक आपल्या छोट्या साहेबांसाठी. हां, अस्सं!"

"किती छान बोलतात ना ते," खिळ्याची बायको हळूच म्हणाली.

झालं. खिळ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. एजंटचा भांग, एजंटचा रुमाल, एजंटची ती पाण्याची बाटलीसुद्धा त्याच्या डोळ्यांत सलू लागली. दुसऱ्या दिवशी येताना तो वाटभर पुटपुटत आला आणि बायकोसमोर उभा राहून घसा खाकरून म्हणाला, "राणी."

बायकोने मागे वळून पाहिलं, कोण आलंय ते.

"काय... काय बसलीयेस."

तिला वाटलं, आपण वाकडे बसलोय. ती घाईघाईने सरळ झाली, टाके ओढले गेले आणि डोळ्यांत पाणी आलं. शेजारून एजंट मायेने म्हणाला, "होतं हो शेठ, सवयीने जमेल." हे 'सवयीने जमेल' खिळ्याला शिवीपेक्षा जास्त लागलं.

बोलण्यात हरलो, तर हातांनी दाखवतो, असं त्याने ठरवलं. दुकानात होतं नव्हतं ते सगळं ओतून त्याने एक खुर्ची मढवली. मरून मखमल, पाठीवर खोल खोल बटणं, कडेला सोनेरी गोंडे. टेम्पोत घालून ती दवाखान्याच्या दारात उतरवली तेव्हा त्याची नजर बायकोकडे नव्हतीच. ती एजंटच्या तोंडावर होती.

सिस्टर खुर्चीभोवती एक फेरी मारून आली. "नाटक कुठे आहे, काय?"

"बसायला आहे."

"या बटणांच्या खळग्यांत जंतू पिढ्यान् पिढ्या संसार करतील, काय? मखमल पुसणार कशी? न्या परत."

खिळ्याने खुर्ची पुन्हा टेम्पोत चढवली. गोंडे वाऱ्यावर हलत होते. मागून बायको आली.

"मी मागितली होती का?"

"मग काय पाहिजे तुला?"

"विचारलंत कधी? दुकानात कुणीही आलं तरी पहिलं विचारता, 'कुठे रुततं?' मी काय गिऱ्हाइकापेक्षा गेलेली?"

खिळे टेम्पोच्या फळीवर टेकला. मग ओठांच्या मधोमधून, नीट तोंड उघडून विचारलं, "कुठे रुततं?"

तेव्हा तिने सांगितलं. उजवं कोपर हवेत राहतं. हात बधिर होतो, आणि बाळ खाली पडेल या भीतीने छातीत धडधडतं. पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून टाके ओढतात. "म्हणून द्यावं लागतं त्याला. नकोसा झालाय म्हणून नाही हो."

खिळ्याने खिशातून टेप काढला आणि तिथेच तिचं कोपर मापलं.

या खेपेला त्याने आणलं ते एवढंच: कोपराखाली एक सलग, बिनबटणाची रेक्झिनची उशी आणि पायाखाली बुटका पाट. सिस्टरने दोन्ही स्पिरिटने घासले, शिवण नखाने उकरून पाहिली. "चालेल, काय." त्या दिवशी बायको बसली ती बसलीच. बाळ तिच्या गळ्याखाली गाल टेकवून झोपलं, आणि "घ्या हो याला" काही ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "अहो, जरा पाणी द्या."

"वा शेठ!" एजंट म्हणाला. "उशी म्हणावी की मायेचा हात!"

खिळे पुन्हा जळला. वाक्य चांगलं होतं.

"तिलाही एक करून द्या," बायको शेजारच्या खुर्चीकडे पाहत कुजबुजली. "तिचंही कोपर अधांतरीच असतं."

"ती तर मजेत बसते."

"बोलत नाही ती. नवरा एवढं कौतुक करतोय, मध्ये दुखतंय म्हणायचं कुठे?"

त्याने केली. फक्त फोमचा एक थर कमी घातला. कुणाला कळणार होतं?

एजंटच्या बायकोने कोपर टेकलं. "छान आहे हो."

"छान? अगं राणी, ही तर..."

"थांबा," खिळे म्हणाला. एजंट आयुष्यात पहिल्यांदा वाक्याच्या मध्ये थांबला. खिळ्याला तिच्या खांद्याजवळ ताणलेली शीर दिसत होती, आणि ती पाहूनही न पाहिल्यासारखं करणं त्याच्या हातांना जमेना. तो खाली वाकला. "कुठे रुततं?"

तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग खिळ्याकडे. "खांद्यात," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

एजंटची बाटली हातातच राहिली.

खिळ्याने उशी काखेत मारली. "उद्या," म्हणाला आणि दुकानात जाऊन तिच्यात राहिलेला थर घातला. बायकोच्या उशीएवढाच. त्याहून एक दोराही जास्त नाही.