कार्डाचं विचारलं म्हणून

दार उघडं ठेवायचं, असं मला सांगण्यात आलं.

क्लिनिकमधलं बायकांचं वॉशरूम. हातात झाकणाची प्लास्टिकची डबी. अशा डब्या मी रोज पेशंटच्या हातात देते. त्याच क्लिनिकच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन. पेशंटला मी सांगते, आत जा, कडी लावा, सावकाश या. मला कडी लावायला परवानगी नव्हती. दारात ऑफिसातली मिस्री, म्हणजे इजिप्तची, बाई उभी होती. मुदीरने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, तिला पाठवलं होतं. नमुना माझाच आहे याची खात्री करायला. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. तेवढी तिची माया.

उजवा पाय थरथरत होता. लघवी होत नव्हती. ती हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, प्लीज. जल्दी."

माझ्या लघवीत गांजा सापडतो का, ते त्यांना बघायचं होतं.

मी गांजा कधी पाहिलेलासुद्धा नाही. मी फक्त एका कार्डाचं विचारलं होतं.

मला मज्जातंतूंचा आजार आहे. पायाच्या नसा आखडतात. पोटरीत कुणीतरी दोरखंड पिळावा तसं होतं आणि तो पीळ सुटत नाही. उन्हात जास्त. आणि कुवेतचं ऊन तुम्हाला सांगायला नको. रिग्गईतल्या आमच्या घरापासून बसस्टॉप जवळच आहे, पण जुलैत तेवढं चाललं की पाय माझा राहत नाही. लाकूड होतो. नसा सैल करायची गोळी घेतली की झोप येते, आणि झोप आली की लॅबमध्ये चूक होते. म्हणून दिवसा गोळी टाळायची आणि दात आवळून उभं राहायचं. अशी माझी नोकरी चालली होती.

आमच्याच क्लिनिकमध्ये मेंदूविकारांचे डॉक्टर होते. मराठी, पुण्याचे. माझे उपचार त्यांच्याकडेच. पहिल्या भेटीत मला फार बरं वाटलं होतं. परमुलखात आपल्या भाषेत दुखणं सांगायला मिळालं. त्यांनी गाव विचारलं. मी परभणीकडचं सांगितलं. आडनाव विचारलं. मग म्हणाले, "हे गावावरून घेतलेलं. मूळचं कोणतं?" मी मूळचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि कागदावर लिहायला लागले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'तू'. बँकेतल्या साहेबांची बायको आली की "या वहिनी, बसा". मला "हं, बोल". वयाने मी त्या वहिनींपेक्षा मोठी.

हे माझ्या लक्षात येत होतं. पण सवयीचं होतं, म्हणून टोचत नव्हतं. चौदा एप्रिलला, जयंतीला, मी क्लिनिकमध्ये पेढे वाटले, तेव्हा त्यांनी पेढा घेतला आणि टेबलाच्या कडेला ठेवून दिला. संध्याकाळी साफसफाईवाल्याने उचलला. तेही मी पाहिलं आणि गप्प बसले.

मागच्या वर्षी नवऱ्याच्या कंपनीने त्यांना अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. माझी धाकटी बहीण तिथंच असते, त्याच राज्यात. ती फोनवर म्हणाली, ताई, तुझ्या आजाराच्या लोकांना इथं पेशंट कार्ड मिळतं. त्या कार्डावर गांजापासून केलेलं औषध सरकारमान्य दुकानातून घेता येतं, थेंब असतात, जिभेखाली ठेवायचे. तिच्या शेजारच्या बाईचा पाय त्याने सैल झाला, ती आता जिना चढते. कार्डासाठी तिथला डॉक्टर तपासतो, पण आधीचे उपचार कोणते झाले, कशाने गुण आला नाही, हे जुन्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं लागतं.

एवढंच मागायला मी गेले. कुवेतमध्ये या गोष्टीला बंदी आहे, तुरुंग आहे, हे मला पक्कं माहीत होतं. मला इथे काही नको होतं. मी दार लावून, खुर्चीत बसून, नीट सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हसले.

"तुमच्याकडे हे चालत असेल," ते म्हणाले. "माझ्या सहीने नाही चालणार."

मी म्हटलं, सर, औषधासाठी आहे, तिथल्या कायद्याने आहे, तुम्ही फक्त माझा आजार लिहायचा.

"अगं, तुमच्याकडच्या बायका काटक असतात. पिढ्यान्‌पिढ्या रानात राबलेल्या. तुला कशाला लागतंय असलं काही?"

ते चिडून बोलले नाहीत. कौतुक केल्यासारखं बोलले. मी "बरं सर" म्हणून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी मुदीरने बोलावलं. डॉक्टरांनी त्याला कळवलं होतं की लॅबमधली बाई गांजाची चौकशी करत होती. पेशंट म्हणून बंद दाराआड सांगितलेलं माझं दुखणं रिसेप्शनपर्यंत पोचलं होतं. नर्सेस माझ्याकडे बघून बोलणं थांबवत होत्या. इथे असला शब्द नुसता चिकटला तरी माणसाची नोकरी जाते, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, जातो, थेट विमानात बसवतात. नवरा घामाघूम झाला. आणि मला डबी देण्यात आली.

नमुना तपासला माझ्याच शेजारच्या टेबलावरच्या मुलीने. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "निगेटिव्ह, दीदी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं.

मग मुदीरच्या खोलीत बैठक. डॉक्टर तिथे होतेच. मनावर घेऊ नकोस, रुटीन होतं, असं म्हणाले. मुदीर हिंदीत म्हणाला, खलास, बात खतम. फक्त एक सही कर. कागदावर लिहिलं होतं की मी डॉक्टरांकडे गैर मागणी केली, त्याबद्दल दिलगीर आहे, आणि तपासणीबद्दल माझी काही हरकत नाही. डॉक्टर मराठीत म्हणाले, सही कर, मग तुझा रिपोर्टही देतो, गांजा हा शब्द सोडून.

मी पेन घेतलं. खरं सांगते, घेतलं.

आणि मला माझी आई दिसली.

आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. तिच्या पोटात गोळा होता. कधीपासून होता कुणाला ठाऊक, ती बोललीच नाही. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा टेबलावर पडून ती कण्हत होती. तिथला डॉक्टर म्हणाला, "नाटकं करू नको. तुम्ही लोक टणक असता." तिने पदराचा बोळा तोंडात घातला. त्याला त्रास नको म्हणून. पुढे घरी ती सगळं आजारपण तशीच पडून होती, पदर दातात धरून. मी पाय चेपायचे, तर म्हणायची, "दुखतंय म्हणून कुणाला सांगावं गं? आपलं दुखणं त्यांना खरं वाटत नाही." तशीच गेली. दुखण्यावरची एक चांगली गोळी तिच्या तोंडात पडली नाही. आणि वस्तीतल्या बायका म्हणाल्या, किती सोसलं बाईनं, हूं की चूं केलं नाही.

काटक. टणक. एवढी वर्षं हे शब्द मला शाबासकी वाटायचे. त्या खोलीत पहिल्यांदा कळलं की ते काय आहेत. आमच्या अंगाला दुखतच नाही, असं त्यांनी ठरवून ठेवलंय. म्हणजे औषध द्यायला नको. कणव करायला नको. दारसुद्धा लावू द्यायला नको.

मी पेन टेबलावर ठेवलं.

"मी गैर काही मागितलं नाही," मी म्हटलं. मराठीत, डॉक्टरांकडे बघून. "आणि यापुढे माझ्याशी बोलताना 'तुम्ही' म्हणायचं."

त्यांचा चेहरा असा झाला, जणू खुर्ची बोलली. मुदीरला कळलं नाही, तो दोघांकडे बघत राहिला. मी उठले. पाय आखडला होता, टेबल धरावं लागलं. ऐटीत वगैरे निघून गेले नाही. लंगडत गेले.

घरी नवऱ्याने डोकं धरलं. म्हणाले, थोडे महिने राहिलेत, कशाला भांडण ओढवून घ्यायचं, मला कंपनीतून काय विचारतील. आमच्या मुलीने शाळेच्या कपड्यांतच विचारलं, "आई, आर यू इन ट्रबल?" मी हो म्हटलं. कशामुळे, तेही सांगितलं. आडनावापासून सगळं. तिला हे कधी सांगितलंच नव्हतं आम्ही. ती माझ्याजवळ येऊन बसली.

मी तक्रार लिहिली. पेशंटची गोष्ट बाहेर फोडली, संमतीशिवाय तपासणी केली, दार उघडं ठेवलं. आरोग्य खात्यात नेऊन दिली. क्लिनिकने पुढच्याच महिन्यात माझा करार संपवला. मराठी कुटुंबांचे फोन थांबले.

ज्या सरकारी इस्पितळात माझा आजार पहिल्यांदा सापडला होता, तिथे मी परत गेले. तिथल्या कुवेती डॉक्टरीणबाईंनी जुन्या फाइलवरून सगळं लिहून दिलं. कशासाठी, ते मी लपवलं नाही. त्या म्हणाल्या, तिथे काय द्यायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील, मी तुमचा आजार लिहिते. मग विचारलं, किती दुखतं? मी सांगितलं. मी जे म्हटलं तेच त्यांनी लिहिलं. कमी केलं नाही. मी त्या खुर्चीत बसून रडले, आईसाठी.

कार्डाचा अर्ज तिथे राहायला गेल्यावरच करता येतो. मिळेल की नाही, माहीत नाही. मिळालं तरी ते थेंब मला लागू पडतील याची खात्री कुणी देत नाही.

परवा डॉक्टरांच्या बायकोचा फोन आला. गोड आवाज. तुम्ही जाणार म्हणून इथल्या मराठी मंडळाने निरोपाचा कार्यक्रम ठेवलाय, या ना, हेही येतील, बोलून टाका, तक्रारीचं काय ते मिटवून टाका, जाताना मनात काही नको. शेवटी आपलीच माणसं.

"वहिनी," मी म्हटलं, "मी येणार नाही. तक्रारीची सुनावणी लागेल तेव्हा मात्र येईन. त्यासाठी विमानाने परत यावं लागलं तरी येईन."

त्या म्हणाल्या, एवढं कशाला.

मी म्हटलं, एवढ्यासाठीच.