तात्यांचं गेरूचं बोट

सात वर्षं मी खोटं बोलत आले.

आज सकाळी तात्या गेले. आता तरी खरं सांगून टाकते.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. औंढ्याकडच्या माळावर जन्मभर मेंढरं राखली. शाळेचं तोंड पाहिलं नाही. सही मागितली की हसत अंगठा पुढं करायचे.

मी हिंगोलीत कॉलेजात शिकवते. फर्स्ट इयरची पोरं आली की पहिल्याच आठवड्यात त्यांना एक लेक्चर देते. अभ्यास कसा करायचा, दिवस कसा आखायचा. पोरं मन लावून ऐकतात. लिहून घेतात, एकमेकांना फॉरवर्ड करतात.

"मॅडम, हे तुम्ही कुठं शिकलात?"

"एका पुस्तकात वाचलं होतं."

झूठ. साफ झूठ.

माझं स्वतःचं फर्स्ट इयर सांगते. नांदेडला होस्टेल, बीएस्सी, सगळं इंग्रजीत. पहिल्या टेस्टला तीन विषयांत नापास. दिवाळीला बॅग भरून घरी आले ती परत न जाण्यासाठीच. कुणाला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून रोज पुस्तकं घेऊन तात्यांच्या मागं माळावर जाऊन बसायचे.

काय दिवस होते ते! अजून डोळे मिटले की मी तिथंच असते.

कोवळं ऊन. ओलं गवत. मेंढरांचं ते सावकाश कुरतडणं. लांबून नागनाथाच्या देवळातली घंटा ऐकू यायची, की मला नुसतीच तशी वाटायची, आता सांगता येत नाही. त्या माळावर सकाळ संपायचीच नाही.

एक दिवस तात्या मेंढरांना जंताचं औषध पाजत होते. मी एकेक धरून द्यायचे. पाजून झालं की तात्या बोट गेरूत बुडवून तिच्या कपाळाला लावायचे. कपाळ लाल दिसलं की हिचं झालं. कोरं दिसलं की हिला धरायचं.

पाजणं आटोपलं. मी पुस्तक उघडलं. तात्या वाकून बघायला लागले.

पिवळा, गुलाबी, हिरवा. माझ्याकडं चार हायलायटर होते आणि पानावर एक ओळ कोरी नव्हती.

"ह्ये काय गं रंगपंचमी?"

"महत्त्वाचं आहे ते."

"समदंच?"

"हो."

तात्या असे हसले की जवळची मेंढरं बिचकली. "अगं येडे, समद्यायलाच गेरू लावला तर औषध कुणाचं राह्यलं, कसं कळन?"

मग माझ्यासमोर मांडी घालून बसले. "पुस्तक मीट. तोंडानं सांग. जेवढं सांगशील तेवढ्यालाच बोट लाव."

मी सांगायला लागले. मराठीत, तोडकंमोडकं. तात्यांना त्यातलं काय कळत होतं देव जाणे. पण मी अडकले की त्यांना बराबर कळायचं. "न्हाई झालं. पुढच्याला जा, हिला मागून धरू."

दुपार होईपर्यंत चारच पानांना पेन्सिलीची खूण लागली. मला रडूच आलं. तीनशे पानांचं पुस्तक, कधी व्हायचं?

"रडतीस काहून, माय? सकाळी एकबी नव्हतं. आता चार झाले का न्हाई?"

दुपारी मेंढरं सावलीला बसली. मी परत पुस्तक ओढलं, तर तात्यांनी काढूनच घेतलं. "सकाळधरनं चरूनच राह्यलीस. रवंथ कवा करणार? पड जरा. आठव काय काय खाल्लंस ते."

मी घोंगडीवर पडले. वर नुसतं निळं आभाळ. डोळे मिटून ती चार पानं आठवत गेले आणि आठवता आठवता झोप लागली. इतकी गाढ झोप मला नांदेडला कधी लागली नव्हती.

सुट्टी संपली तशी मी परत गेले. उन्हाळ्यात सगळे विषय निघाले.

आता जे सांगायचंय ते जड जातंय.

गेल्या वर्षी तात्या डोळे दाखवायला हिंगोलीला आले होते. गाडीला वेळ होता म्हणून मी त्यांना हॉलमध्ये मागच्या बाकावर बसवलं. नेमकं तेच लेक्चर होतं. फेटा, खांद्यावर घोंगडी, दोन्ही हात मांडीवर. एवढ्या लेकरांत गप बसून ऐकत होते.

शेवटी एका पोरीनं विचारलं, "मॅडम, हे कुठं शिकलात?"

समोर आमचे एचओडी बसलेले. मागं तात्या.

आणि मी म्हणाले, "एका पुस्तकात वाचलं होतं."

लाज वाटली मला. मेंढरामागं शिकले म्हणायची लाज वाटली. दुसरं काही कारण नाही.

स्टँडपर्यंत मी मान वर केली नाही. आता काय म्हणतील, काय म्हणतील.

तात्याच बोलले. चेहरा नुसता फुललेला.

"बाई, पुस्तकातबी तसंच लिव्हलंय व्हय गं? मला वाटायचं, आपण अडाणी, लेकराला कायतरी सांगून राह्यलो. बराबर होतं म्हणायचं आपलं!"

मी "हो" म्हणाले. फक्त "हो".

तात्या गाडीत खिडकीशी बसले, तिथंही शेजारच्या माणसाला तेच सांगत होते. नंतर वर्षभर गावात ज्याला त्याला सांगत राहिले, आपलं पुस्तकात हाय म्हणून. मी दर खेपेला ठरवायचे, या वेळी घरी गेले की खरं सांगायचं. तात्या खुशीत दिसायचे आणि माझी जीभ उचलायची नाही.

तात्या, असं पुस्तकच न्हाई हो.

कुणी लिव्हलंच नव्हतं ते. तुमचं होतं, समदं तुमचंच होतं.

तुमच्या लेकीची श्रद्धांजली. माफीसकट.