हिची कधी अडचण नसते

माझी शाळा चौथीत सुटली. शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कुणी वाचलंच, तर चुका पोटात घालाव्यात.

धाकटी जाऊ आज बाहेरची आहे. पडवीच्या कोपऱ्यात पोत्यावर बसून ती उन्हात केस विंचरते आहे. मला बघून म्हणाली, "ताई, मजा आहे बाई तुमची! ना पोट दुखायचं, ना कोपरा धरायचा."

मी हसले. तो कोपरा मला किती हवासा वाटतो, हे तिला कसं सांगू?

दिवाळीपासून माझी पाळी आलेली नाही. नर्सबाईंनी तपासलं, म्हणाल्या, "दिवस गेलेले नाहीत, मोठ्या डॉक्टरांना दाखवा." घरात ठरलं, आधी घरगुती करून बघू. सासूबाईंनी तीळगुळाचा काढा दिला, कच्ची पपई खाऊ घातली. शेजारच्या काकूंकडून पैसे उसने घेऊन वैदूचं चूर्ण आणलं. अंग माझं, पण ते माझं ऐकत नाही. दारात बसून कुणाची वाट बघावी, तशी मी माझ्याच अंगाची वाट बघते.

बाहेरचीचा हात लागला की लोणचं नासतं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून आळीतल्या बायका म्हणतात, "हिलाच बोलवा गं, हिची कधी अडचण नसते." मी जाते, कैऱ्या कालवते, बरण्या भरते. त्या मजुरी देतात.

त्याच मजुरीतून आज काकूंचे चूर्णाचे पैसे पूर्ण फिटले.