मागं अर्थ न्हाई

कुपवाडच्या कारखान्यांच्या रस्त्यावर, वळणाला लागून, धुळाअण्णाचं पत्र्याचं शेड आहे. ट्रकच्या वायरिंगचं काम. पाटी नाही, आणि लागतही नाही. कुणालाही विचारा, "तोंड वाकडं करून काम करतोय तो वायरमन कुठं बसतोय?" माणूस हसून बोट दाखवतो.

रागीट माणसं मी पुष्कळ बघितली. रागीट माणूस तासाभरात दमतो, पाणी मागतो. किळस आलेला माणूस दमत नाही. धुळाअण्णाला सकाळी शेडचं कुलूप काढतानाच किळस यायला सुरुवात होते, ती संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत पुरते. कुणीतरी नाकाखाली शेणाचं बोट लावून गेलंय आणि पुसायला फडकं सापडत नाही, असा चेहरा. गिऱ्हाईक बिचारं विचारतं, "अण्णा, काय झालंय गाडीला?" अण्णा बॉनेटमध्ये बघतो, थुंकतो आणि म्हणतो, "ह्यात काय अर्थ न्हाई." मग दुपारपर्यंत ती गाडी नीट करून देतो. चहा आला तरी तेच. "ह्या चहात काय अर्थ न्हाई." कप मात्र रिकामा करून परत देतो.

एकदा एका ड्रायव्हरच्या फ्यूजबॉक्समध्ये उंदरीण व्यालेली निघाली. चिंध्या, लेंड्या, कुरतडलेल्या वायरी आणि मधे गुलाबी पिल्लं. अण्णा दोन पावलं मागं सरला. म्हणाला, "आदी तुझी ही बाळंतीण माहेरी सोडून ये, मग वायरीचं बगू." तो ड्रायव्हर खरंच पिल्लं फडक्यात घेऊन बांधावर ठेवून आला.

पण उंदरापेक्षा जास्त किळस अण्णाला एलईडीची. कृष्णाकाठचा शंभूराज म्हणून एक ऊसवाला आहे. त्यानं ट्रकच्या तोंडावर वाघ रंगवला आणि डोळ्यांच्या जागी लाल एलईडी बसवून घेतले. ब्रेक मारला की वाघ डोळे मिचकावणार. काम झाल्यावर शंभूराज लांब उभा राहून म्हणाला, "कसा दिसतोय वाघ?" अण्णा म्हणाला, "मांजराचं डोळं आल्यात. औषध घाल." शंभूराज रागावला नाही. अण्णानं केलेली वायरिंग पावसात मरत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

तर अण्णा एलईडी बसवत नाही असं नाही. पोट आहे. नाक मुरडत बसवतो. "डोळ्यात चुना घातल्यागत उजेड," म्हणतो, "समोरच्यानं काय बगायचं, आपलं मराण?" एक मात्र त्याची रीत आहे. कुठलीही गाडी येऊ द्या, काम मागून सुरू करणार. आधी मागचे लाल दिवे, त्यांची काळी वायर थेट लोखंडी चासीला. मग बाजू. पुढचं शेवटी. त्याचे वाडवडील जत भागात मेंढरं राखायचे. "कळप मागनं राखायचा असतोय," म्हणतो, "पुढनं मेंढरू आपलं आपण जातंय."

ही रीत कशापायी पडली ते सगळ्या भागाला ठाऊक आहे. त्याचा थोरला भाऊ धनाजी. दिवस मावळताना मोटारसायकलवरनं येत होता. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी, मागं दिवा नाही, लाल चिंधीसुद्धा नाही. धनाजी तिच्यावर जाऊन आदळला तो उठलाच नाही. त्याचा पोरगा बिराप्पा तेव्हा आई बनाबाईच्या मांडीवर होता. त्याला अण्णानंच वाढवला, शाळेत घातला, ट्रकवर बसवला.

त्याच बिराप्पानं यंदा स्वतःचा ट्रक घेतला. जुनाच, लाकडी हौद्याचा. पण पोरानं असा रंगवला की नवरीनं लाजावं. मग शेडवर आणून उभा केला आणि म्हणाला, "अण्णा, समोर मोठा लाईटबार, टपावर माळ, कडंनं पट्ट्या, आन् केबिनच्या देवघरात रंग बदलणारा. मागचं सवडीनं बगू. परवा गाडी लायनीवर घालायचीय."

अण्णाच्या तोंडाकडं बघवेना. "मागचं सवडीनं?"

"आवं अण्णा, मागनं कोण बगतंय?"

हे त्यानं कुणाला विचारावं! पोरानं बोलून गेल्यावर जीभ चावली, पण अण्णानं हातातला पाना ट्रेमध्ये टाकला. "हितनं काढ ती गाडी. माज्या हातनं तुज्या गाडीला एक बी दिवा लागायचा न्हाई. वास मारतीया ती."

पोरगं वडिलांविना वाढलेलं, पण ताठ. गाडी घेऊन गेलं, दुसरीकडून सगळं करून घेतलं, मागचेही दिवे बसवून घेतले. ट्रकच्या पूजेला बनाबाईनं निरोप धाडला, अण्णा गेला नाही. पेढे शेडवर आले. "खवा आंबलाय," म्हणून त्यानं ते माझ्याकडं सरकवले. चांगले होते.

पुढं आठवडाभरानं मी माझ्या जीपचा हॉर्न दाखवायला शेडवर गेलो होतो. दुपार कलली होती. समोरच्या कारखान्यातून प्लॅस्टिकच्या क्रेटचा माल भरून बिराप्पाचा ट्रक निघाला. पाचगणीला, स्ट्रॉबेरीवाल्यांकडं. भर दुपारी सगळे दिवे लावलेले. गाडी नुसती जत्रेतल्या पाळण्यासारखी लखलखत होती. अण्णाला दाखवायलाच लावलेले, हे काय सांगायला पाहिजे?

अण्णा बघायचं नाही म्हणून बघत होता. ट्रक वळणावरच्या खड्ड्यात आदळला आणि अण्णा ताडकन उठला. रस्त्यावर धावत जाऊन ओरडला, "बिरू! आरं मागं अर्थ न्हाई! मागं अर्थ न्हाई!"

बिराप्पानं खिडकीतून मान बाहेर काढली, ऐकलं, आणि गाण्याचा आवाज वाढवून निघून गेला.

मी म्हटलं, "जाऊ दे अण्णा. पोराच्या हौसेला तू कशाला नावं ठेवतोस?"

अण्णानं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं माझ्याच कपड्याला काहीतरी लागलंय. "फोन लाव त्याला, आबा. माजा उचलत न्हाई. घाटात शिरंपतोर अंदार पडंल. थांब म्हणावं."

दोनदा लावला, उचलला नाही. तासाभरानं तिसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला, तोवर तो पेठ नाक्याला पोचला होता.

"बिरू, मी आबा बोलतोय. गाडी बाजूला घे. अण्णा म्हणतोय, मागं काय अर्थ न्हाई."

"आबा, त्येंच्या मतानं पुढं तरी कुटं अर्थ हाय?"

हेही खरंच होतं. मी अण्णाला सांगितलं, "पोरगं म्हणतंय, पुढं बी न्हाई."

अण्णानं फोन हिसकावून घेतला. "आरं येड्या, अर्थ म्हंजे अर्थिंग! काळी वायर! मागच्या दिव्यास्नी अर्थ न्हाई!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. वायरमन लोक अर्थिंगला नुसतं अर्थ म्हणतात. ह्या माणसानं जन्मभर चहाला, गाडीला, दिसेल त्याला तोच शब्द वापरला, आणि आता गाडीत खरंच अर्थ नव्हता तर ऐकणारं कुणी नव्हतं.

बिराप्पानं गाडी बाजूला लावली, खाली उतरून मागं गेला. फोनवर आवाज आला, "सगळं झकास पेटलंय, अण्णा. लाल म्हंजे लाल भडक. तुमाला बगवंना म्हणून मला थांबवलं व्हय? मला उशीर हुतोय."

"उभ्या गाडीत पेटतंय. आदळली की मरतंय. मी बगितलंय."

"मी ठेवतो."

"ठिव. पर आदी मागच्या फाळक्याला एक लाथ घाल."

"काय?"

"फाळका. हौद्याचं मागचं दार. तुज्या चुलत्याच्या पाठीत घातल्यागत घाल."

धाड्‌कन आवाज आला. मग नाक्यावरचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

"गेलं का?" अण्णानं विचारलं.

"गेलं."

"पुन्यांदा घाल."

धाड्‌. "आलं." आवाज बारीक झाला होता. "अण्णा, एक बी दिवा ऱ्हायला नव्हता. ब्रेकचा बी."

"हलू नगंस तितनं," अण्णा म्हणाला. माझ्या जीपचा हॉर्न तसाच मुका ठेवून आम्ही निघालो. मी घसा फोडून लोकांना बाजूला करत गाडी चालवली.

पेठ नाक्याला पोचलो तेव्हा बिराप्पा ट्रकच्या मागं उन्हात उकिडवा बसला होता. चुलत्याला बघून उठला, बाजूला सरला. अण्णानं मागच्या दिव्याची पट्टी उघडली आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते मी आजवर बघितलं नव्हतं. चिकटपट्टी उन्हानं वितळून काकवीसारखी ओघळलेली, तिच्यात माश्या मेलेल्या. वायरी नुसत्या हातानं पिळलेल्या. आणि काळी वायर? ती चक्क हौद्याच्या लाकडी फळीला स्क्रूनं ठोकलेली. शेजारच्या लोखंडी पट्टीला तिचं टोक जेमतेम चिकटायचं. गाडी हालली की सुटायचं.

"लाकडाला," अण्णा म्हणाला. "लाकडाला अर्थ देतंय कोण! ह्येनं उद्या वडाला मीटर बशिवला आसता." मग पुतण्याकडं न बघता, "बगत काय बसलायस? चाकू दे."

चासीवरचा रंग त्यानं लखलखीत लोखंड दिसेपर्यंत खरवडला. वायरीच्या टोकाला तांब्याची कडी दाबून बसवली, बोल्ट आवळला. प्रत्येक जोड कापून नवा केला. हे करताना एलईडीला, रंगाला, हौद्याला, ते बनवणाऱ्याला, पेठ नाक्याच्या धुळीला शिव्या चालूच. त्यातच एका जाणाऱ्या गाडीतून कुणी गुटख्याची पिचकारी मारली, ती नव्या दिव्यावर पडली. मला वाटलं आता हा माणूस ट्रक पेटवून देतो. त्यानं खिशातला रुमाल काढला, दिवा पुसला आणि रुमाल लांब फेकून दिला.

"आता घाल लाथा," तो म्हणाला. बिराप्पानं घातल्या. मीही घातली. दिवे हालले नाहीत.

"येतो अण्णा," पोरगं म्हणालं.

"येतो काय? सरक." आणि अण्णा केबिनमध्ये चढून बसला. "खड्ड्याचा काय भरवसा न्हाई. घाट चडून झाल्याबिगर मी ह्यातनं उतरत न्हाई. ते देवघरातलं रंगीबेरंगी बंद कर, मळमळतंय."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शेडवर गेलो. अण्णा एका टेम्पोखाली आडवा होता. "कसा झाला घाट?" मी विचारलं.

"घाण," तो खालूनच म्हणाला. "ढग उतरल्यालं, पुढं हात दिसंना. आन् पसरणीच्या घाटात मागं शाळेची बस. बसच्या आतल्या उजेडात दिसतंय, पोरं खिडकीतनं वकत्यात. वाकून वाकून वकत्यात. घाट सपंपतोर मी आरशात त्येच बगत बसलो."

"मग दुसरीकडं बघायचं."

"कसं बगू? आमी ब्रेक मारला की ती बस मागं लांब ऱ्हातीया का न्हाई, त्ये बगाय नगं?"

"राहिली का?"

टेम्पोखालून पाना टाकल्याचा आवाज आला. "ऱ्हायली," तो म्हणाला. "प्रत्येक वळणाला ऱ्हायली." मग थुंकला.