फ्रान्सला जाण्याआधी साखळीला खोबरेल

मॉरिसव्हिलच्या आमच्या गराजमधून मी निम्मा फ्रान्स पालथा घातला आहे. सायकलचं मागचं चाक स्टँडवर चढवायचं, समोर टीव्ही लावायचा आणि पडद्यावरच्या अरुंद रस्त्यावरून पेडल मारत सुटायचं. दोन्ही बाजूंना सूर्यफुलं, मध्येच दगडी घरांचं गाव, गाव संपलं की चढ. चढावर मी घामाघूम झालेलो असताना बायको गराजच्या फ्रीजरमधून मटार काढायला यायची. म्हणायची, "फ्रान्सला आहातच, तर येताना कांदे आणा."

मी लक्ष द्यायचो नाही, कारण मला खरोखरच जायचं होतं. आमची मुलगी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएच.डी. करते. सायकल हे तिचं वेड, आणि तिच्याकडून मला लागलेलं दुखणं. पुढच्या मे महिन्यात आठवडाभर फ्रान्सच्या डोंगराळ भागात, गाड्या फिरकत नाहीत अशा खेड्यापाड्यांच्या रस्त्यांनी हिंडायचा तिचा बेत होता. फोनवर मी म्हटलं, "मी पण येतो." पलीकडून "बघू" आलं.

"बघू" का, ते मला ठाऊक होतं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं समुद्राच्या बाजूला सायकली घेऊन गेलो होतो. तिथे मी एक शॉर्टकट सुचवला. संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या पिकअपमध्ये, कलिंगडांच्या ढिगावर बसून, मांडीवर सायकली घेऊन आम्ही परत आलो. 

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "ऑक्टोबरमध्ये इकडे ये. इथे एक चढ आहे. न उतरता वर आलास तर मी दोघांचं बुक करते. नाहीतर रूममेटला घेऊन जाईन. डील?"

मी डील म्हटलं. गराजमधला फ्रान्स पाठीशी होता ना माझ्या.

निघायच्या आदल्या दिवशी सायकलची सेवा करायला बसलो तर साखळीचं तेल संपलेलं. दुकानात जायचा कंटाळा आला. मी मूळचा कोकणातला. आमच्याकडे खोबरेल तेल एकाच बाटलीतून डोक्याला, कढईत, दाराच्या बिजागऱ्यांना, शिवणयंत्राला आणि वडिलांच्या सायकलला जायचं, आणि यातलं काहीही कधी अडलं नव्हतं. मी साखळी चोपडली. मागचे गिअर बदलणारी यंत्रणा चोपडली. ती ओढणारी तार तर नळीतून बाहेर काढून न्हाऊच घातली. मग पेडल फिरवून पाहिलं. चाक असं गुमान, गुळगुळीत फिरलं, की दुकानांत साखळीच्या तेलाची चिमुकली बाटली विकणाऱ्यांची मला कीव आली.

दुसऱ्या दिवशी सायकल गाडीला टांगून पेनसिल्व्हेनियाला पोचलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या अपार्टमेंटबाहेर आलो तर गवतावर मीठ भुरभुरावं तसं पांढरं, गोठलेलं दव पडलेलं. माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये थर्मास होता. आलं, वेलची आणि माणसाला लागते तेवढी साखर घातलेला चहा.

"चहा वरती गेल्यावर," मुलगी म्हणाली.

"आत्ता एक झाकण?"

"वरती."

दरीतला रस्ता सपाट होता आणि खरंच सुंदर होता. कापणी झालेली मक्याची शेतं, लाल कोठारं, दोरीवर ओळीने वाळत घातलेल्या काळ्या पँटी. या भागात मोटारी न वापरणारी आमिश कुटुंबं राहतात, त्यामुळे रस्त्यावर गाड्यांपेक्षा घोड्यांची लीद जास्त.

"अगदी फ्रान्स," मी म्हटलं.

"बाबा, तू फ्रान्सला गेलेला नाहीस."

"गराजमध्ये..."

"बाबा."

चढ सुरू झाला तो एका वळणावर, न सांगता. मुलगी दोन गिअर उतरवून, गप्पा मारल्यासारखी वर सरकली. मी गिअरची कळ दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. गोठलेल्या श्रीखंडात चमचा खुपसावा तसा काहीतरी चिवट विरोध झाला आणि सायकल होती त्याच जड गिअरवर राहिली. सपाट रस्त्याच्या गिअरवर चढ चढणं म्हणजे कपाट जिन्यावरून वर नेणं. मी उभा राहिलो, हँडलला लोंबकळलो, या कुशीवरून त्या कुशीवर झुललो. मागून टापांचा आवाज आला. एक घोडागाडी शेजारून पुढे गेली. आतल्या पांढऱ्या दाढीच्या आजोबांनी हॅटला बोट लावून मला अभिवादन केलं. घोड्याने तेवढंही केलं नाही.

आजोबा पुढच्या वळणाआड गेले आणि मी सायकलसकट आडवा होण्याआधी खाली उतरलो.

मुलगी वळून माझ्याकडे आली. "यू गॉट ऑफ."

"गिअर पडत नाहीये. तुझ्या इथल्या हवेत काहीतरी आहे."

ती खाली वाकली. मागच्या यंत्रणेवर, साखळीच्या कडीकडीत, पांढरा मेणासारखा थर बसला होता. मी म्हटलं, पक्ष्याचं काम दिसतंय. तिने बोटाने जरासा खरवडला, नाकाशी नेला आणि तिचा चेहरा बदलला.

"धिस स्मेल्स लाइक संडे."

लहानपणी दर रविवारी मी तिच्या डोक्याला तेल चोळायचो. ती रडायची, घरभर पळायची, सोफ्यामागे लपायची. तो वास ती जन्मात विसरणार नव्हती.

"बाबा. डिड यू ऑइल युअर बाइक लाइक माय हेअर?"

मी म्हटलं, हे शास्त्रीयदृष्ट्या उत्तम तेल आहे. तिने आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि काय झालं ते सांगितलं.

"अहो," बायको म्हणाली. ती नागपूरची. "खोबरेल थंडीत गोठतं. आम्ही हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवायचो, मग आंघोळीला जायचो. शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

"आमच्याकडे कधी गोठलं नाही."

"तुमच्याकडे हिवाळा तरी कधी आला होता?"

मुलीला हसू येत होतं, पण तिने ते दाबलं, आणि तेच मला जास्त लागलं. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "तू जा पुढे. वर जाऊन ये. आणि रूममेटला सांगून टाक."

 ती खांदे उडवून सायकलवर बसली आणि गेली. मला वाटलं होतं, नको म्हणेल. डील म्हणजे डील, ही शिस्त तिला तिच्या आईकडून आली आहे.

मी रस्त्याच्या कडेला एकटा उभा. थंडीने बोटं बधिर, फ्रान्स हातचा गेलेला, वर घोड्याने केलेला अपमान. निदान चहा तरी घ्यावा म्हणून थर्मास उघडला. वाफ वर आली. मी वाफेकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं.

थोडा विचार केला असता तर बरं झालं असतं. मी सगळा चहा मागच्या यंत्रणेवर, साखळीवर आणि तारेच्या नळीवर ओतला. पांढरा थर वितळून तपकिरी ओघळ रस्त्यावर आले. आलं, वेलची आणि खोबरं असा काहीसा मोदकाच्या सारणाचा वास त्या दरीत सुटला. चाक उचललं, पेडल फिरवलं, कळ दाबली. खट्. गिअर उतरला. मी कळ दाबत सुटलो आणि शेवटच्या, सगळ्यात हलक्या गिअरवर येऊन थांबलो. आता काही गोठायचंच असेल तर इथे गोठ बाबा, म्हटलं.

उरलेला चढ मी चढलो. मुंगीच्या वेगाने, पण चढलो. चहातली साखर मात्र आपलं काम करू लागली होती. साखळी प्रत्येक फेरीला चिक् चिक् करत होती, जणू कोणीतरी मागे बसून चिक्की खात होतं.

वर मुलगी दगडावर बसली होती. मी पोचलो, थांबलो आणि विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिलं.

"चहा?" तिने हात पुढे केला.

मी सायकलकडे बोट दाखवलं. ती उठली, वाकली, वास घेतला.

"साखर होती?"

"असतेच."

यावर ती पुन्हा दगडावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी संधी साधली. म्हटलं, "आलो की नाही वर?"

"उतरला होतास."

"तेल गोठलं होतं."

"तेल कोणी लावलं होतं?"

 तिने डोळे पुसले आणि खाली, आम्ही आलो त्या वळणांकडे हात केला. "आता गिअर चालतोय ना? मग खाली जा आणि परत ये. न उतरता."

मी तिला वय सांगितलं. गुडघे सांगितले. नाश्ता झाला नसल्याचं सांगितलं. तिने प्रत्येक मुद्दा ऐकून घेतला आणि हात खाली आणला नाही.

उतारावर वारा कानात शिरत होता आणि मी मोठ्याने, शुद्ध मराठीत, या देशातल्या मुलांच्या संगोपनाविषयी बोलत होतो. ऐकणारं कोणी नव्हतं म्हणून. पायथ्याशी पोचून सायकल वळवली तर ती मागेच.

"तू कशाला आलीस?"

"तू चीट केलं असतंस."

आम्ही निघालो. हलक्या गिअरवर पाय शिवणयंत्रासारखे भराभरा फिरत होते आणि सायकल मात्र कूर्मगतीने सरकत होती. चिक् चिक् चालूच. मधल्या वळणावर तेच आजोबा घोडागाडीतून परत येताना दिसले. त्यांनी मला पुन्हा वर चढताना पाहिलं आणि या वेळी हॅट काढलीच. माझ्या डोळ्यांपुढे काजवे. मांड्या म्हणत होत्या उतर. जिथे आधी उतरलो होतो तिथला चहाचा डाग आला. मी त्यावरून चाक नेलं आणि पुढे गेलो.

मुलगी माझ्या पुढे, पाठ माझ्याकडे, आरामात. शेवटच्या वळणापाशी तिने मान किंचित वळवली.

"तिकडे सायकली भाड्याने घ्यायच्या. तू हात लावायचा नाहीस. तेल, चहा, काही नाही."

मी मान हलवली. तिला ती दिसली नाही.

"आणि बाबा, रूम एक घेऊ की दोन? तू घोरतोस."

दोन, असं मला म्हणायचं होतं. पण चढ अजून उरला होता आणि बोलायला श्वास नव्हता.